अकरावा गडी

विद्येसाठीं अथवा उद्योगासाठीं परदेशीं गेलेल्या आपल्याकडील तरुणास पहिल्या वर्षीं रविवार जितका जड जातो, तितका दुसरा कोणताहि वार जात नाहीं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कॉलेज किंवा कचेरी त्याला गुंतवून ठेवते. तेथें बोलावयास माणसें असतात व बोलण्यास विषयहि असतो. शनिवार उजाडला म्हणजे तीं माणसें आपापल्या गणगोतांत जातात, आणि ह्याचें गणगोत तर सात समुद्रांपलीकडे असतें. मग खोलीचें दार लावून घरच्या मंडळींशीं फोनवर बोलत बसावें, नाहीं तर आपल्याच भाषेच्या चार मित्रांकडे जाऊन पिठलें-भात करावा, असे दोनच मार्ग त्याला दिसतात. हे मार्ग वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याचे सगळे रविवार ह्या दोहोंतच गेले, तो एखाद्या देशांत दहा वर्षें राहूनहि तेथला पाहुणाच राहतो.

तिसराहि एक मार्ग आहे. तो म्हणजे सुटीच्या दिवशीं तेथील लोकांबरोबर मैत्रीचा सामना खेळणें. इंग्लंडांत उन्हाळ्यांत गांवोगांवीं जें शनिवार-रविवारचें क्रिकेट चालतें, त्याची रीत ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्या शाळेंतील कांहीं विद्यार्थी पुढें त्या देशीं जातील, आणि 'आपलें मूल तेथें कोणांत मिसळत असेल?' ही चिंता त्यांच्या मातापित्यांस लागेल. दोघांसहि ही माहिती उपयोगी पडावी. मैदानाचें दार परक्यास कसें उघडतें, आणि नुसत्या खेळानें तें पुरतें कां उघडत नाहीं, हे दोन प्रश्न आमच्यापुढें आहेत.

प्रथम वारांविषयीं. शनिवार हा खेळाचा वार कसा झाला, ह्याचें कारण इंग्लंडांतील गिरण्यांच्या इतिहासांत सांपडतें. १८५० सालच्या कारखान्यांच्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें काम शनिवारीं दुपारीं २ वाजतां थांबविणें भाग पडलें. त्यांच्यावांचून यंत्रें चालत नसल्यामुळें पुरुषांसहि बहुधा तीच सुटी मिळूं लागली, आणि गिरणीकामगारांच्या हातीं आठवड्यांतील एक मोकळी दुपार आली. रविवार हा प्रार्थनेचा व विसाव्याचा दिवस. त्या दिवशीं खेळणें पुष्कळ काळ गैर मानलें जाई. काउंटी सामन्यांत तर रविवारचा खेळ १९६६ सालीं सुरू झाला.

आज दोन्ही दिवस खेळाचे आहेत. परंतु दोहोंची प्रकृति निराळी आहे. शनिवारचे सामने बहुधा लीगचे असतात. त्यांत गुण मोजले जातात, वरच्या-खालच्या श्रेणी असतात, आणि चुरसहि पुष्कळ असते. १९७२ पासून खेड्यांच्या संघांसाठीं एक राष्ट्रीय स्पर्धाहि भरूं लागली. पहिल्या वर्षीं कॉर्नवॉल परगण्यांतील ट्रून ह्या लहानशा गांवानें लॉर्ड्‌सच्या मैदानावर ती जिंकली. रविवारचे सामने मात्र पुष्कळ ठिकाणीं मैत्रीचे असतात. त्यांना गुण नाहींत, ढाल नाहीं, पेला नाहीं.

मैत्रीचा सामना म्हणजे पोरखेळ असें मात्र कोणीं समजूं नये. खेळपट्टी तीच २२ यार्डांची. चेंडू तोच साडेपांच ते पावणेसहा औंसांचा, कातड्याचा, हाडें शेकून काढणारा. नियमहि तेच. फरक असतो तो कप्तानाच्या कर्तव्यांत. लीगच्या कप्तानानें सामना जिंकावयाचा असतो. मैत्रीच्या सामन्याच्या कप्तानानें तो रंगवावयाचा असतो. त्याचा एखादा गोलंदाज फारच भारी ठरूं लागला, तर तो त्याला बाजूस ठेवून दुसऱ्याच्या हातीं चेंडू देतो. प्रथम खेळणाऱ्या संघाच्या पुरेशा धावा झाल्या म्हणजे तो डाव जाहीर करून सोडतो, कारण दुसऱ्या बाजूसहि जिंकण्याची आशा उरली पाहिजे. पीटर पॅनची कथा लिहिणारे जे. एम. बॅरी यांनीं १८८७ च्या सुमारास आपल्या लेखकमित्रांचा असाच एक संघ उभा केला होता. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे त्यांत खेळत. डॉइल चांगले खेळाडू होते, स्वतः बॅरी बेताचेच. तरी कप्तान बॅरीच असत. ह्यावरून ह्या खेळांत कोणत्या गुणाची चहा होते हें ध्यानीं येईल.

आतां परक्याचा प्रवेश. क्रिकेटला अकरा गडी लागतात, आणि रविवारीं सकाळीं अकरा गडी जमविणें ही कप्तानाची नित्याची डोकेदुखी असते. कोणाच्या घरीं लग्न, कोणाची सासुरवाडीची भेट, कोणाचा शनिवारच्या सामन्यांत दुखावलेला गुडघा. अशा रीतीनें बुधवारीं तेरा असलेले गडी रविवारपर्यंत दहावर येतात. दहा गडी आहेत व अकरावा हवा आहे, अशा वेळीं तो कोणत्या देशाचा, कोणत्या रंगाचा, त्याचे उच्चार कसे, हे प्रश्न मागें पडतात. त्याच्याजवळ पांढरे कपडे आहेत काय व तो एक वाजतां येईल काय, एवढेंच विचारलें जातें. परक्याला दयेनें मिळालेली जागा फार दिवस टिकत नाहीं. गरजेनें मिळालेली जागा मानाची असते. म्हणून नवागतानें ह्या अकराव्या जागेस कमी लेखूं नये.

ती मिळविण्याची रीत सोपी आहे. तेथील हंगाम साधारणपणें एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरांत संपतो. त्यापूर्वींच, आठवड्यांतील एखाद्या ठरलेल्या संध्याकाळीं, जाळ्यांतील सराव सुरू होतो. क्लबच्या चिटणीसास पत्र लिहावें किंवा सरळ त्या संध्याकाळीं जाऊन उभें राहावें. आपला खेळ जसा असेल तसा सांगावा. बारा वर्षें गल्लींत टेनिसच्या चेंडूनें खेळलेल्यानें तसेंच सांगितलें, तर त्याला कोणी हंसत नाहीं. परंतु ज्यानें फुशारकी मारली त्याची पारख पहिल्या दहा चेंडूंतच होते. पुष्कळ क्लबांत आतां स्त्रियांचेहि संघ आहेत, तेव्हां मुलींनींहि हें आपल्यासाठीं नाहीं असें मानूं नये. गरम कपडा जवळ ठेवावा; मे महिन्यांतील वारा आपल्याकडील पौषाची आठवण करून देतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एकदां 'येतों' म्हटलें म्हणजे गेलेंच पाहिजे. आदल्या रात्रीं कंटाळा आला म्हणून घरीं राहणारा मनुष्य दहा जणांचा रविवार बिघडवितो. परक्या देशांत पत वाढविणारें पहिलें भांडवल पाळलेला शब्द हेंच होय.

ज्याला क्रिकेट येतच नाहीं त्यानें काय करावें? त्याच्यासाठींहि जागा आहे. प्रत्येक क्लबास धावांची वही लिहिणारा मनुष्य हवा असतो, आणि नीटनेटक्या हातानें वही लिहिणाऱ्याचें स्वागत चांगल्या गोलंदाजाइतकेंच होतें. नाहीं तर शनिवारीं सकाळीं ९ वाजतां ठिकठिकाणच्या उद्यानांत पार्करन नांवाची ५ किलोमीटरांची धांव असते, तिकडे जावें. २ ऑक्टोबर २००४ रोजीं लंडनजवळील बुशी पार्क येथें १३ जणांनीं ती सुरू केली, व आज ती अनेक देशांत पसरली आहे. तिला शुल्क नाहीं. धांवतां येत नसेल तर चालावें, चालवत नसेल तर वेळ टिपण्यास उभें राहावें.

पुन्हां आपल्या सामन्याकडे वळूं. खेळ दुपारीं एक-दोनच्या सुमारास सुरू होतो. एक डाव, मग चहा, मग दुसरा डाव. वेळेवर चालणाऱ्या सामन्यांत शेवटच्या तासाला निदान २० षटकें टाकावयाचीं असा नियम आहे, आणि तोंपर्यंत सर्व गडी बाद झाले नाहींत व धावाहि पुऱ्या झाल्या नाहींत, तर सामना अनिर्णित राहतो. आपल्याकडील मुलांस हें अनिर्णित राहणें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु त्यांतच दुर्बळ संघाची अब्रू असते. नऊ गडी बाद झाले आहेत, धावा निघणें शक्य नाहीं, आणि शेवटचा साठ वर्षांचा गडी केवळ बॅट सरळ धरून सहा चेंडू थोपवितो. तेव्हां दोन्ही संघ त्याच्यासाठीं टाळ्या वाजवितात.

ओळखी वाढविण्यास हाच खेळ विशेष सोयीचा कां, ह्याचेंहि कारण आहे. फुटबॉलांत सर्वच जण एकदम धांवत असतात; तेथें बोलावयास सवड नाहीं. क्रिकेटांत अकरांपैकीं दोघेच खेळपट्टीवर असतात व उरलेले सीमेपाशीं खुर्च्या टाकून बसतात. तीन तीन तास असें शेजारीं बसावें लागतें. इंग्रज मनुष्य स्वभावतः संकोची. समोरासमोर बसवून 'बोला' म्हटलें तर तो हवेपलीकडे जात नाहीं. परंतु दोघांचेहि डोळे तिसऱ्याच गोष्टीकडे लागलेले असले म्हणजे त्याची जीभ सैल होते. हळूहळू हवेवरून बागेवर, बागेवरून मुलांच्या शाळेवर गोष्ट येते. भाड्याची खोली कोठें बरी, दांतांचा वैद्य कोण चांगला, हिवाळ्यांत नळ गोठूं नये म्हणून काय करावें, ही जी माहिती कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं, ती त्या खुर्च्यांवर मिळते. अशा वेळीं आपल्या दोघां-तिघां देशबांधवांनीं वेगळें कोंडाळें करून आपल्याच भाषेंत बोलत बसूं नये. तेवढ्यानेंहि दार पुन्हां लागतें.

मैत्रीच्या सामन्यांत बाहेरचे पंच बहुधा नसतात. खेळणाऱ्या संघांतीलच दोघे, ज्यांची पाळी अजून आलेली नाहीं किंवा होऊन गेली आहे, ते पांढरा कोट घालून उभे राहतात. सहा चेंडूंची मोजदाद चुकूं नये म्हणून खिशांत सहा खडे किंवा नाणीं ठेवितात. म्हणजे आपल्याच मित्राच्या पायावर चेंडू लागला, समोरच्या अकरा जणांनीं आरोळी ठोकली, कीं आपणच बोट वर करून त्याला 'बाद' म्हणावयाचें असतें. नवख्या मनुष्याची ही खरी परीक्षा. बोट वर केलें तर मित्र रागावेल, न केलें तर पाहुणे तोंडावर कांहीं न बोलतांहि मनांत नोंद करितील. ज्यानें न डगमगतां खरें तेंच सांगितलें, त्याचा शब्द त्या गांवांत पुढें इतर व्यवहारांतहि चालतो.

आतां ज्या कामांस टाळ्या मिळत नाहींत त्यांविषयीं. असे क्लब पगारी नोकरांवर चालत नाहींत. बहुतेक सर्व कामें सभासदच करितात. खेळपट्टीवर रूळ फिरविणें, सीमेच्या खुणा लावणें, पाऊस आल्यास आच्छादनें ओढून आणणें, संध्याकाळीं पॅव्हिलियन झाडणें, हें सर्व कोणाला तरी करावेंच लागतें. वर्षाची वर्गणी असते व प्रत्येक सामन्याची फीहि असते. ती मागितल्यावांचून द्यावी. आपल्याकडील सुस्थितींतील घरांत झाडूला हात न लावतां वाढलेली मुलें पुष्कळ असतात. त्यांनीं ध्यानीं ठेवावें कीं, जो उत्तम खेळून लगेच निघून जातो तो वर्षअखेर अकरावाच गडी राहतो. आणि जो बेताचाच खेळून मागें राहतो, रुळाला हात लावतो व कपबशा विसळतो, त्याचें नांव पुढच्या वर्षीं कप्तान सर्वांआधीं लिहितो.

कपबशांवरून चहाची गोष्ट निघाली. दोन डावांमधील चहा हा ह्या सामन्याचा मध्यबिंदु होय. यजमान क्लब पाहुण्यांसाठीं टेबल मांडतो. काकडीचे, अंड्याचे, चीजचे सँडविच, घरचे केक, आणि मोठ्या पात्रांतला चहा. २०२० च्या साथींत हा चहा बंद पडला, व पुढें कित्येक लीगांनीं तो ऐच्छिक केला. मैत्रीच्या सामन्यांत मात्र पुष्कळ ठिकाणीं ती प्रथा अजून टिकून आहे. शाकाहारी मनुष्यानें आपली गोष्ट आधींच सांगून ठेवावी. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, व ऐनवेळीं उपाशी बसून यजमानास ओशाळें करण्यापेक्षां तें बरें. आपली पाळी येईल तेव्हां घरून बटाट्याचीं भजीं करून न्यावींत. तीं टेबलावर फार वेळ राहत नाहींत.

सामना संपल्यावर दोन्ही संघ जवळच्या पबमध्यें किंवा क्लबांतच बसतात. ज्यानें पन्नास अथवा शंभर धावा केल्या किंवा पांच गडी बाद केले, त्यानें सर्वांसाठीं बिअरचा मोठा जग घ्यावयाचा अशी रीत आहे. पालकांच्या मनांत येथें शंका येईल. आमचें उत्तर असें कीं, बसणें व पिणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिंबाच्या सरबताचा पेला हातीं घेऊन बसणाऱ्यास समजूतदार मंडळी आग्रह करीत नाहींत. जेथें आग्रह जुलमाचा होऊं लागेल तेथून उठून यावें व दुसरा क्लब पाहावा. परंतु पेल्याच्या भीतीनें दर वेळीं सामन्यानंतर लगेच निघून जाऊं नये.

सर्वच मैदानांवर अशी समता नांदते असें लिहिलें, तर तें खरें होणार नाहीं. रणजितसिंहजी केंब्रिजला शिकत असतां त्यांना विद्यापीठाच्या संघांत १८९३ पर्यंत स्थान मिळालें नाहीं. त्यापूर्वीं ते पार्कर्स पीस ह्या सार्वजनिक मैदानावर गांवच्या लोकांबरोबर खेळत. त्याच गृहस्थांनीं १८९६ सालीं मँचेस्टर येथें इंग्लंडतर्फे आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यांत ६२ व नाबाद १५४ धावा काढल्या. ही जुनी गोष्ट झाली. परंतु २०२३ च्या जून महिन्यांत इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानें नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत वर्णभेद, वर्गभेद व स्त्रियांविषयींचा दुजाभाव हे तेथील क्रिकेटांत सर्वत्र आढळतात असें स्पष्ट म्हटलें होतें. आयोगास उत्तरें पाठविणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांपैकीं शेंकडा ८२ जणांनीं आपणांस भेदभाव सोसावा लागला असें सांगितलें. मंडळानें जाहीर क्षमा मागितली. तेव्हां एका क्लबांत उपेक्षा झाली तर आपल्यांतच कांहीं उणें आहे असें नवागतानें मानूं नये. चार मैलांवर दुसरा क्लब असतो, आणि त्याला अकरावा गडी हवा असतो.

परंतु परक्यांचे दोष मोजतांना आपल्या घराकडेहि पाहिलें पाहिजे. चहाच्या टेबलाचें महत्त्व आम्हीं एवढें कां वर्णिलें, तें पुण्याच्या एका गोष्टीवरून कळेल. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजांत १८७६ सालीं जन्मलेले थोर गोलंदाज. पुण्यांत युरोपियन लोकांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखतां राखतां ते गोलंदाजी शिकले. त्यांची किमया पाहून पुण्यांतील हिंदु खेळाडूंनीं त्यांना आपल्या संघांत घेतलें. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ सालीं अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनीं त्या एका दौऱ्यांत ११४ बळी घेतले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदु संघाचें कप्तानपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

ह्या गोष्टीवरून दोन्ही प्रश्नांचें उत्तर मिळतें. अकरावा गडी हवा असतो म्हणून मैदान दार उघडतें. पण मैदानावर घेतलेला मनुष्य आपला झाला कीं नाहीं, हें चहाच्या वेळीं कळतें. पंक्तिभेद जोंवर आहे तोंवर बळी व धावा कितीहि असोत, खेळगडी परकाच. म्हणून परदेशीं जाणाऱ्या मुलानें खेळून झाल्यावर मागें राहावें, काम करावें, पंक्तीला बसावें. एवढें त्याच्या हातीं आहे. त्याला जागा करून देणें हें यजमानांच्या हातीं आहे.

आणि यजमान आपणहि आहों. आपल्या गांवांत, आपल्या वर्गांत, परप्रांतांतून नुकताच आलेला, मराठी अडखळत बोलणारा एखादा मुलगा सुटीच्या दिवशीं मैदानाच्या कडेस उभा राहून खेळ पाहत असेल. विद्यार्थिमित्रांनो, त्याला हांक मारा. आणि खेळ संपल्यावर जिच्या घरीं तुम्ही सर्व पाणी प्यावयास जातां, त्या माउलीनें त्यालाहि त्याच फुलपात्रांतून पाणी द्यावें, एवढें पालकांस आमचें मागणें आहे.